डावी भुवई

तीन वर्षं, दर शनिवारी, आम्ही नवराबायको फोटो बघायला जात होतो. शहरात फोटोंची प्रदर्शनं फुकट बघता येतील अशा जागा चार. पहिली बँकेच्या वरच्या मजल्यावर. तिथल्या खुर्च्या इतक्या मऊ की उठताना कुणाचा तरी हात लागतो. दुसरी वाचनालयाच्या तळघरात. खुर्ची एकही नाही, पण गारवा असतो. तिसरी एका बंद पडलेल्या छापखान्यात आणि चौथी पोस्टाच्या मागच्या गोदामात. मला या जागा जिने, खुर्च्या आणि पिण्याचं पाणी यांवरून लक्षात राहिल्या. बायकोला काळ्या रंगावरून.

"बँकेत काळा म्हणून नुसता राखाडी छापतात हो," ती म्हणायची. "काळा कसा विहिरीसारखा हवा. वाकून बघावंसं वाटलं पाहिजे."

"फुकट ते पौष्टिक," मी म्हणायचो. "राखाडी तर राखाडी."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं, गुरुजी."

मी सदतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे चिडली की ती मला गुरुजी म्हणते. ती स्वतः अठ्ठावीस वर्षं एका फोटो स्टुडिओत रिटचिंगला होती. हे काम आता कुणी करत नाही, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पूर्वी फिल्मवर आधी उलट्या रंगांचा फोटो उमटायचा. काळे केस पांढरे दिसायचे, पांढरे दात काळे. त्याला निगेटिव्ह म्हणायचं. त्यावरून मग कागदावर खरा फोटो छापायचा. या दोन्हींच्या मधल्या वेळात ते निगेटिव्ह माझ्या बायकोपुढे यायचं. तिच्या उतरत्या मेजात दुधी काच बसवलेली होती, काचेखाली आरसा, आणि आरशात खिडकीचा उजेड. गिऱ्हाइकाच्या डोळ्याखाली सुरकुती असली तर ती निगेटिव्हवर तेवढ्या जागी सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने बारीक तिरप्या रेघा भरायची. कागदावर सुरकुती गायब. चेहऱ्यावर पांढरा व्रण असला तर तो निगेटिव्हवर काळा दिसायचा. तो पात्याच्या टोकाने खरवडून काढायचा. पेन्सिल पुढे कधी पुसता येते. खरवडलेलं कायमचं जातं.

ती या कामात फार वाकबगार होती. स्टुडिओचे मालक म्हणायचे, "बाई, तुमच्या हाताखालून गेलेला माणूस त्याच्या आईलासुद्धा ओळखू येणार नाही." घरी येऊन ती हे हसत हसत सांगायची.

आम्हाला एकच मुलगी झाली. सतत काहीतरी हातात धरून इकडून तिकडे न्यायची, म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणायचो. बारावं वर्ष पुरं व्हायच्या आत ती तापाने गेली. ताप चारच दिवसांचा होता. त्याला आता एकतीस वर्षं झाली.

अडीच वर्षांची असताना मुंगी जिन्यात पडली होती. भुवई फाटली, दोन टाके पडले आणि तेवढ्या जागी केस परत उगवले नाहीत. भुवईत तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी फट राहिली. दरवर्षी वाढदिवसाला स्टुडिओचे मालक तिचा एक फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी ते निगेटिव्ह बाकीच्या गठ्ठ्याबरोबर तिच्या आईच्या मेजावर यायचं, आणि तिची आई ती फट खरवडून टाकायची. तिसऱ्या वर्षापासून अकराव्यापर्यंत, असे नऊ फोटो. एकातही फट नाही.

"मुद्दाम नाही केलं," बायको मला एकदा म्हणाली. "गठ्ठा पुढ्यात आला की मी चेहरा बघतच नसे. डाग दिसला की हात चालायचा. स्वतःची पोरगी आहे म्हणून हात थोडाच थांबतो."

हा विषय आमच्या घरात वर्षानुवर्षं कुणी काढलाही नव्हता. तीन वर्षांपूर्वी बायकोच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, घरी आलो, आणि ती भिंतीवरच्या मुंगीच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ झाला तरी हलेना. मी म्हटलं, "काय, दिसतंय ना आता स्वच्छ?"

"ही कोण?" ती म्हणाली.

"अगं, असं काय करतेस. मुंगी."

"मुंगीच्या भुवईत फट होती."

"ती तूच तर काढलीस."

"ते मला सांगू नका. कुठल्या भुवईतली काढली?"

"डाव्या," मी म्हणालो.

"उजव्या," ती म्हणाली.

दोघांनीही परत फोटोकडे बघितलं. दोन्ही भुवया सलग होत्या.

रिटचिंग करताना निगेटिव्ह ज्या बाजूने वर धरतात त्या बाजूने चेहरा आरशातल्यासारखा दिसतो. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. मी तिला हे कागदावर चेहरा काढून, कागद उलटा धरून समजावलं. तिने पहिलीतल्या मुलीसारखं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "निगेटिव्ह मी नऊ वेळा बघितलं. पोरगी बारा वर्षं बघितली. ती पण मला उलटीच आठवते, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

मी हो म्हणालो. तसं म्हणायला नको होतं.

विचारायचं तर कुणाला? स्टुडिओचे मालक वारले होते. माझ्या मेहुणीला फोन केला, तर ती म्हणाली, "फट? छे, कसली फट? मला तर पोर अगदी बाहुलीसारखी आठवते." तिला फोटोच आठवत होता. शाळेचा सगळ्या वर्गाचा एक फोटो होता, पण त्यात मुंगीचा चेहरा मुगाच्या डाळीएवढा. बायकोने भिंग लावून तो आठवडाभर बघितला. शेवटी भिंग ठेवलं आणि म्हणाली, "तिचा चेहरा मी पुसला, हे एक वेळ सोसेन हो. पण कुठे पुसला तेच मला आठवत नाही, हे कसं सोसू?"

तेव्हा मला बगळा आठवला.

मुंगी गेली त्याच वर्षी, दोनेक महिने आधी, आमच्या शाळेत एक माणूस कॅमेरा घेऊन आला होता. मुंगी पाचवीत होती. मी त्याच शाळेत दुसरीच्या वर्गावर. माणूस उंच, पाय काटकुळे, फोटो काढताना मान पुढे काढून वाकायचा. मुलांनी मधल्या सुट्टीच्या आत त्याला बगळा करून टाकलं. तो गावोगावच्या शाळांतल्या मुलांचे फोटो स्वतःच्या हौसेने काढत हिंडत होता. रांगेत उभं करून काढायचा नाही. मुलं खेळताना, भांडताना, डबा खाताना टिपायचा. मुंगीचाही एक काढला होता, तिने घरी येऊन सांगितलं होतं. "फोटो पाठवतो" म्हणाला आणि गेला. फोटो काही आले नाहीत. त्याचं नाव मी तेव्हा विचारलं नव्हतं, आणि शाळेच्या दप्तरातही ते सापडलं नाही.

"कुठेतरी लावले असतील त्याने ते फोटो," बायको म्हणाली. "फोटो काढणारा माणूस ते दाखवल्याशिवाय राहत नाही."

म्हणून आमचे शनिवार सुरू झाले. आम्हाला मुंगीचा एक असा फोटो हवा होता, जो तिच्या आईच्या मेजावरून गेलेला नाही.

दर शनिवारी ती भिंतीपाशी नाक नेऊन एकेक फोटो बघायची. मी एकदा सगळ्यांवरून नजर टाकून, शाळा दिसत नाही अशी खात्री झाली की खुर्ची शोधायचो. ती मात्र शाळा नसली तरी हलत नसे. "हिचं कपाळ तसंच सोडलंय बघा." "इथे धूळ होती, बुजवलेली नाही." एकदा छापखान्याच्या गॅलरीत नुसत्या रिकाम्या भिंतींचे फोटो लागले होते. मी म्हटलं, "भिंतीवर भिंतीचा फोटो लावायचा, मग भिंतच का नाही दाखवत?" ती हसली, आणि हसता हसता तिने बोट जिभेला लावून एका फोटोवरचा पांढरा ठिपका पुसायला हात पुढे केला.

"ओ काकू! ओ! हात नाही लावायचा!" तिथला रखवालदार धावत आला.

"अरे, लावत नव्हते. ठिपका राहिलाय तिथे."

"राहू दे की! तो फोटोवाल्याचा ठिपका आहे. तुमचा आहे का?"

"मी असते तर राहिला नसता," बायको म्हणाली.

रखवालदाराच्या मिशा मोठ्या आणि आवाज त्याहून मोठा. पण माणूस मायाळू. पुढच्या वेळेपासून तो तिच्यासाठी स्वतःचं स्टूल आणून ठेवायला लागला. आम्ही काय शोधतो ते त्याने एकदा विचारलं, आणि तिने त्याला सांगितलं. माझ्यादेखत तिने हे दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने मिशीवरून हात फिरवला. "काकू, सापडेल," म्हणाला. मला त्याचा राग आला होता. उगाच आशा लावायचं काय कारण?

पण पत्ता लागला तो त्याच्यामुळेच. गेल्या महिन्यात आम्ही दारातून आत जातोय तोच तो म्हणाला, "काका, आज इथे वेळ घालवू नका. पोस्टामागच्या गोदामात जा. कुणा म्हाताऱ्याचे जुने फोटो लागलेत. शाळेतल्या पोरांचे. म्हातारा उंच होता म्हणे, पाय असे काड्यांसारखे."

बायकोने माझा दंड पकडला. गोदामापर्यंत तिने तो सोडला नाही.

गोदामाला उंच खिडक्या होत्या आणि जमीन सिमेंटची. दारापाशी मेज टाकून पंचेचाळिशीची एक बाई बसली होती. ती बगळ्याची भाची. मामा चार वर्षांपूर्वी वारले, म्हणाली. त्यांच्या खोलीत निगेटिव्हचे चाळीस डबे निघाले. प्रत्येक पाकिटावर शाळा आणि तारीख लिहिलेली, पण मुलांची नावं कुठेच नाहीत. "म्हणून हे प्रदर्शन लावलंय, काका. कुणाला कोणी ओळखू आलं तर हा फॉर्म भरून द्या. आम्ही फोटोखाली नाव लावू."

मी आमच्या शाळेचं नाव सांगितलं. तिने मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

बायको डावीकडून सुरू झाली, मी उजवीकडून. आमचं पटांगण. घंटेखाली उभा असलेला आमचा शिपाई. पायऱ्यांवर डबा खाणाऱ्या मुली. एका फोटोत कोपऱ्यात मीसुद्धा होतो, एका मुलाचा कान धरलेला. मला माझी लाज वाटली. मी पुढे सरकलो.

आणि नळापाशी मुंगी होती.

चार मुलं वाकून पाणी पीत होती आणि पाचवी सरळ उभी राहून कॅमेऱ्याकडे बघत होती. हनुवटी ओली. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, तो मी पार विसरून गेलो होतो. मनगटावर कसला तरी दोरा गुंडाळलेला. भिंतीवर लिहिलेलं ‘पाणी जपून वापरा’ सरळ वाचता येत होतं, म्हणजे फोटो उलटा छापलेला नव्हता. हे मी आधी तपासलं. मुलीच्या तोंडाकडे बघायच्या आधी मी अक्षरं तपासली.

"अगं," मी म्हणालो. "अगं, इकडे ये."

ती आली. फोटोपासून हातभर अंतरावर थांबली. मी तिच्याकडे बघत होतो. तिचा चेहरा आधी एकदम मोकळा झाला, इतका की मला ती पंचविशीतली दिसली. मग ती एक पाऊल पुढे गेली, आणि चेहरा मिटला.

"हात लावलाय," ती म्हणाली.

"काय?"

"कुणीतरी हात लावलाय ह्याला. बघा. दोन्ही भुवया भरलेल्या आहेत. फट कुठाय?" आवाज चढला. "अहो बाई! इकडे या जरा! ह्यावर रिटचिंग कुणी केलंय?"

भाची मेजामागून उठून लगबगीने आली. "नाही काकू, आम्ही कशालाच हात लावलेला नाही. मामांना तसलं अजिबात खपायचं नाही. धुळीचे ठिपकेसुद्धा तसेच ठेवलेत, हे बघा."

"मला शिकवू नका! अठ्ठावीस वर्षं हेच केलंय मी. मला कळत नाही का? माझ्या मुलीच्या भुवईत फट होती, आणि ती इथे नाही. मग कोणी बुजवली?"

लोक बघायला लागले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला. भाची बिचारी घाबरून गेली होती, पण चिडली नाही. म्हणाली, "थांबा काकू, निगेटिव्हच दाखवते," आणि आतल्या खोलीतून एक पाकीट आणि उजेडाची पेटी घेऊन आली.

बायकोने पिशवीतून भिंग काढलं. निगेटिव्ह तिने कडेला दोन बोटांत धरलं, जसं ती नेहमी धरायची. पेटीवर ठेवलं. वाकली. आधी एका बाजूने बघितलं, मग तिरपं धरून उजेड त्यावरून घसरवला. खरवडलेल्या जागी चकाकी वेगळी दिसते, हे मला तिनेच कधीतरी सांगितलं होतं.

"कोरं आहे," ती म्हणाली. "काहीच केलेलं नाही."

मग ती भिंग घेऊन परत भिंतीवरच्या फोटोकडे गेली, आणि ह्या वेळी तिथून हललीच नाही. मी शेजारी उभा होतो. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"हे निगेटिव्हवरचं नाही," ती म्हणाली. "हे कातडीवरचं आहे."

"म्हणजे?"

"बघा तुम्ही." तिने भिंग माझ्या हातात दिलं.

मी बघितलं. फोटोत आपल्या उजव्या हाताला येते ती भुवई, म्हणजे मुंगीची डावी. लांबून दोन्ही सारख्याच वाटत होत्या. भिंगाखाली डावी जरा जाड होती, मध्यावर फार काळी. तिथे केस नव्हते. बारीक, आखूड, तिरप्या रेघा होत्या, एकीला खेटून एक. पाण्याचा हात लागून त्या कानशिलाच्या बाजूला थोड्या पुसटल्या होत्या, आणि कातडीवर करडा डाग उतरला होता.

"माझी पेन्सिल," बायको म्हणाली. "दोन नंबरची मऊ. घरी रविवारी काम आणायचे तेव्हा माझ्या कोपराशी बसायची ती. रेघा कशा तिरप्या घेतल्यात बघा. मी शिकवलं नव्हतं हो तिला. बघून बघून शिकली असेल." मग म्हणाली, "चांगलं जमलंय. टोक जरा बोथट होतं, पण चांगलं जमलंय."

भाचीने खुर्ची आणली. बायको बसली नाही.

"तिला वाटलं, आईला ती फट आवडत नाही," ती म्हणाली. "वाटणारच. दर वाढदिवसाला मी तिला तिचा फोटो द्यायचे, आणि त्यातून तेवढंच काढलेलं असायचं. ती लहान होती, तिला काय कळणार गठ्ठा आणि सवय. तिला एवढंच कळलं की फोटोत ते चालत नाही."

वर्गात मी रडणाऱ्या मुलांना काय काय सांगायचो. त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं.

थोड्या वेळाने तिनेच फॉर्म मागितला. तिचं अक्षर आता थरथरतं, म्हणून लिहायला मी बसलो. मुलीचं नाव, वय, सांगणाऱ्याचं नातं. शेवटी ‘इतर माहिती’ म्हणून चार ओळींची जागा होती.

"लिहा," ती म्हणाली. "हिच्या डाव्या भुवईत फट होती."

मी लिहिलं. तीन वर्षं भांडलो होतो, आणि तिने ‘डाव्या’ हा शब्द साधा, न अडखळता उच्चारला.

"आईने ती हिच्या सगळ्या फोटोंतून काढून टाकली. म्हणून ह्या फोटोच्या दिवशी हिने ती स्वतःच भरली."

मी पेन थांबवलं. "हे कशाला? लोक वाचतील."

"वाचू देत."

"अगं, पण..."

"गुरुजी, मी सांगते ते लिहा. तुमचं मत नको."

मी लिहिलं. भाचीने फॉर्म वाचला, मग पुन्हा वाचला. डोळे पुसले. आणि फार हळू आवाजात म्हणाली, "काकू, हा फॉर्म आम्ही जपून ठेवू. पण फोटोखालची पट्टी एवढीशीच असते. तिथे फक्त नाव मावतं."

बायकोने मान हलवली. जणू तिला हे आधीच माहीत होतं. "मग ‘मुंगी’ लिहा."

"खरं नाव नको?"

"खरं नाव दाखल्यावर होतं. हाकेला ती मुंगीलाच ओ द्यायची."

फोटोची एक प्रत भाची पाठवणार होती. तिने आमचा पत्ता घेतला. आम्हाला दारापर्यंत सोडायला आली आणि बायकोचा हात थोडा वेळ धरून उभी राहिली.

परतताना बस बरीचशी रिकामी होती. बायको खिडकीशी बसली. दोन थांबे गेले. मग बाहेर बघतच तिने विचारलं, "बगळा येणार हे मुलांना आधी माहीत होतं का?"

"हो," मी म्हणालो. "आदल्या दिवशी प्रत्येक वर्गात जाऊन सांगितलं होतं. उद्या फोटोवाले येणार आहेत, सगळ्यांनी नीटनेटकं होऊन या."

"कुणी सांगितलं होतं?"

"मी."

तिने मान हलवली. त्यात राग नव्हता. ती फक्त एकेक गोष्ट जागेवर ठेवत होती.

"मी सहालाच स्टुडिओला निघायचे," ती म्हणाली. "तिला झोपेतच बघून जायचे. उठवायचं, खाऊ घालायचं, शाळेत न्यायचं, सगळं तुमच्याकडे. त्या दिवशीही तुम्हीच नेलंत ना?"

"हो."

"मग तुम्ही बघितली असेल ना भुवई? वाटेत?"

घरापासून शाळा बारा मिनिटांवर होती. रस्ता वर्दळीचा, म्हणून मी रोज मुंगीचा डावा हात धरून वाहनांच्या बाजूने चालायचो. बोलता बोलता ती मान वर करायची, मी खाली बघायचो, आणि मला तिची तीच बाजू दिसायची. डावी मला पाठ होती ती त्यामुळे. त्या जोरावर तीन वर्षं मी बायकोला खोटं पाडत आलो होतो. त्या दिवशीही तीच भुवई बारा मिनिटं माझ्या बाजूला होती, पेन्सिलीने भरलेली, अजून ओला हात न लागलेली.

"नाही," मी म्हणालो. "माझ्या लक्षात नाही आलं."

"काही म्हणाली होती का ती? विचारलं होतं का काही?"

मी आठवायचा प्रयत्न केला. अजून करतो. मुंगी सगळी वाट बोलायची. त्या दिवशीही बोलली असणार. कसं दिसतंय म्हणून तिने एकदा तरी माझ्याकडे बघितलं असणार. मला त्या सकाळचा घंटेचा आवाज आठवतो, आणि उशीर होईल म्हणून मी तिचा हात जरा ओढला होता तेही आठवतं. बाकी काही नाही.

"आठवत नाही," मी म्हणालो.

बस वळली. बायकोने पुढच्या सीटची दांडी धरली, आणि वळण सरळ झाल्यावर सोडली.

"भुवई मात्र तुम्हाला बरोबर आठवली होती," ती म्हणाली. "डावीच."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.